उतरणे आणि उतराई : मराठी प्रवासलेखनातील यजमान

१

पुण्याहून कात्रजचा घाट ओलांडून साताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कापूरहोळ मागे पडल्यानंतर आणि नीरा नदी ओलांडण्यापूर्वी, भोर तालुक्यातील किकवी हे गाव लागते. वाहता रस्ता अंगावरून गेलेल्या अशा गावांत अनोळखी माणसाला विचारावयाचा एक ठरलेला प्रश्न असतो : ‘कोणाकडे उतरलात?’ या प्रश्नात माणसाचे नाव, गाव किंवा कामकाज यांची चौकशी नाही. गावातील कोणत्या घराने या परक्याची हमी घेतली आहे, एवढेच त्यात विचारले आहे. उत्तर मिळाले की परका मनुष्य परका राहत नाही. तो अमुक घरचा पाहुणा होतो. उत्तर मिळाले नाही तर तो केवळ वाटसरू ठरतो, आणि वाटसरूला गाव दिसले तरी गाव त्याच्याशी बोलत नाही.

मराठीत या मुक्कामासाठी ‘राहणे’ या क्रियापदाहून वेगळे ‘उतरणे’ हे क्रियापद आहे. घोड्यावरून, गाडीवरून, बोटीवरून मनुष्य खाली येतो तो कोणाच्या तरी दारात. याच धातूच्या कुळातील दुसरा शब्द ‘उतराई’ हा होय. जो उतरला त्याला कधीतरी उतराई व्हावे लागते, ही जाणीव भाषेनेच जपून ठेवली आहे. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार या दोन शब्दांच्या दरम्यान उभा आहे. परक्या गावात कोणाच्या तरी घरी उतरलेला लेखक पुढे जेव्हा त्या गावाविषयी लिहितो, तेव्हा त्याचे लेखन हे एकाच वेळी निरीक्षण असते आणि ऋणाची परतफेडही असते. या दोन्हींचा मेळ सहजासहजी बसत नाही. ऋणाला सौजन्य हवे असते, निरीक्षणाला निःसंकोचपणा. मराठी प्रवासलेखनाचा विचार या ताणाच्या अंगाने फारसा झालेला नाही.

अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकापासून आधुनिक मराठी प्रवासवर्णनाचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. तेव्हापासून समीक्षेने या प्रकाराला लावलेला प्रमुख निकष लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा आहे : पाहणारा किती रसिक, किती मिश्कील, किती सहृदय. त्यामुळे प्रवासवर्णनातील ‘डोळा’ तेवढा समीक्षेच्या कक्षेत आला. त्या डोळ्याला रात्री कोणी थारा दिला, सकाळी कोणाच्या ताटावर तो बसला आणि त्या घराने त्याला कसे पाहिले, हे प्रश्न बाजूला राहिले. वास्तविक जो कोणाच्या घरी उतरतो तो पाहणारा असतो त्यापेक्षा अधिक पाहिला जाणारा असतो. त्याचे कपडे, त्याचे जेवण, त्याची प्रार्थना, त्याचे आजारपण, सर्व काही यजमानाच्या नजरेखाली येते. हॉटेलात उतरलेल्याला ही परीक्षा नसते.

२

‘यजमान’ हा शब्दही तपासून घेण्याजोगा आहे. मुळात स्वतःसाठी यज्ञ करविणारा तो यजमान. मराठीत तो पाहुणचार करणाऱ्या गृहस्थाला, भिक्षुकाला दक्षिणा देणाऱ्याला आणि जुन्या वळणाच्या स्त्रीच्या तोंडी तिच्या नवऱ्यालाही लागू होतो. आश्रय, दान आणि सत्ता या तिन्ही छटा त्यात एकत्र नांदतात. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात हा शब्द त्याच्या सर्वांत जुन्या अर्थाने जिवंत आहे.

पेण तालुक्यातील वरसई गावचे हे भिक्षुक १८५७ साली काकांसह उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेतील यज्ञाची व त्यातील दक्षिणेची वार्ता ऐकून. वाटेतच बंडाने त्यांना गाठले आणि पुढे झाशीच्या वेढ्यात ते सापडले. सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी या अनुभवाचे लेखन केले. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये स्वतःचे संस्कार करून प्रसिद्ध केले आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितावरून त्याचा पाठ उपलब्ध करून दिला.

या ग्रंथाकडे बहुधा इतिहासाचे साधन म्हणून पाहिले जाते. प्रवासलेखन म्हणून पाहिले तर त्याची घडण एका विशिष्ट आतिथ्यव्यवस्थेवर उभी असल्याचे दिसते. झाशी हे वरसईहून शेकडो मैलांवरचे परमुलखातील शहर. परंतु तेथील संस्थानाधिपती नेवाळकर घराणे मराठी, भोवतीची ब्राह्मण घरे मराठी. गोडसे भटजी परमुलखात जातात, पण परक्या घरात जात नाहीत. जात, शाखा आणि वैदिक विद्या हेच त्यांचे ओळखपत्र असते. म्हणूनच दरबारातील आणि घरातील व्यवहार त्यांच्या नजरेला इतक्या जवळून दिसतात. लक्ष्मीबाईंचा दिनक्रम, पोशाख, दानधर्म यांचे त्यांनी केलेले वर्णन दक्षिणेच्या आशेने जवळ आलेल्या माणसाचे आहे. ते शत्रूच्या बखरकाराला किंवा वार्ताहराला करता आले नसते.

परंतु या ग्रंथाची खरी उंची वेगळ्या ठिकाणी आहे. शहर पडते तेव्हा यजमान आणि पाहुणा यांच्यातील अंतर नाहीसे होते. ज्या घराने आश्रय दिला त्या घराबरोबर पाहुणाही लुटला जातो, लपतो, तहानेने व्याकुळ होतो. मिळवलेली दक्षिणा हातची जाते. उतराई होण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण ज्याचे ऋण फेडावयाचे तेच राहत नाही. उरते ते केवळ सांगणे. ‘माझा प्रवास’ मधील करुणा भटजींच्या स्वभावातून येण्यापेक्षा या परिस्थितीतून अधिक येते. यजमान गेला, आणि पाहुणा साक्षीदार म्हणून मागे राहिला.

३

यजमान भाषेने, धर्माने आणि वर्णाने परका असेल तर काय होते, याचे मराठीतील पहिले मोठे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार तिकडच्या एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोसेल या गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात तो दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात आला. १८८० पासून दोघींमध्ये पत्रे सुरू झाली. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोचल्या, तेव्हा त्यांना घेण्यासाठी आलेली स्त्री यापूर्वी कधीही दृष्टीस न पडलेली, तरी पत्रांतून परिचित झालेली होती. त्या उन्हाळ्यात त्या कार्पेंटर कुटुंबात राहिल्या आणि नंतर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली; २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पूर्ण नव्हते.

आनंदीबाईंनी प्रवासवर्णन लिहिले नाही. त्यांनी पत्रे लिहिली. समीक्षेने या भेदाला महत्त्व द्यावयास हवे. प्रवासवर्णन घरच्या वाचकाला उद्देशून असते. यजमान त्यात तृतीय पुरुषात जातो. पत्रात यजमान स्वतःच द्वितीय पुरुषात असू शकतो. कार्पेंटरबाईंना त्यांनी मावशी मानले. मराठी नातेव्यवस्थेत मावशी हे नाते नेमके निवडलेले आहे. आईची बहीण : आईइतकी जवळची, पण आईचा अधिकार नसलेली. परक्या घरात उतरलेल्या अठरा वर्षांच्या मुलीने नात्याच्या या नावातून आपली जागा आखून घेतली. ज्या घरी मावशी आहे तेथे उपकाराचा भार हलका होतो, कारण नात्यात उपकार मोजत नाहीत. त्याचबरोबर तेथे आपला धर्म आणि आपले अन्न सांभाळण्याची मुभाही मागता येते.

ही मुभा त्यांना फार मोलाची होती. श्रीरामपूर येथे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी केलेल्या भाषणात त्यांनी हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निर्धार जाहीर केला होता. म्हणजे पाहुणी म्हणून त्या दारात उभ्या राहण्यापूर्वीच त्यांनी आपल्या अटी समाजापुढे उघड केल्या होत्या. थंडीसाठी लुगडे नेसण्याची पद्धत त्यांनी बदलली, ती गुजराती वळणाची केली. धर्म बदलला नाही. यजमान घराने तो बदलण्याचा आग्रह धरला नाही. मिशनरी नियतकालिकातून जुळलेल्या नात्यात हे अनपेक्षित होते, आणि कार्पेंटरबाईंचे मोठेपण येथेच आहे.

या नात्याचा शेवट असा, की आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांना स्थान मिळाले. मनुस्मृतीने अतिथीची मर्यादा एका रात्रीची सांगितली आहे. येथे एक अतिथी कायमची राहिली. आतिथ्याचा याहून मोठा पुरावा नाही. पण या घटनेत एक विसंगतीही आहे. हिंदू म्हणून परत येईन असे सांगून गेलेली स्त्री परत आली, आणि तिचे अवशेष पुन्हा यजमानाच्या भूमीत गेले. उतराई होण्याचा हा प्रकार तिने निवडलेला नव्हता. तो तिच्या वतीने इतरांनी निवडला.

तिच्या नंतरच्या वाङ्मयीन प्रतिमांचेही असेच झाले. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात पत्रांमुळे रोसेलचे घर ऐकू येते. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या गाजलेल्या कादंबरीने मात्र शीर्षकातच कथेचा आस पतिपत्नी संबंधात रोवला. त्या कादंबरीचे सामर्थ्य गोपाळरावांच्या विक्षिप्त, दुभंगलेल्या व्यक्तिरेखेत आहे हे मान्य करूनही म्हणावे लागते, की परदेशातील आश्रयाचा प्रश्न तिथे पार्श्वभूमीवर जातो. अंजली कीर्तने यांच्या ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ (१९९७) या संशोधनपर चरित्राने अमेरिकेतील काळाला त्याचे वजन परत दिले. आनंदीबाईंचे आयुष्य एका विवाहाची कथा तर आहेच, ते एका पाहुणचाराचीही कथा आहे, हे या चरित्रानंतर नजरेआड करता येत नाही.

४

पंडिता रमाबाईंचा अनुभव याच्या उलट दिशेने जातो. १८८३ मध्येच त्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. त्या मठाशी त्यांचा परिचय पुण्यातच झाला होता. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पाहुणीने यजमानाचा धर्म स्वीकारला. वरवर पाहता येथे ताण संपावयास हवा होता. प्रत्यक्षात तो येथूनच वाढला. त्यांच्यासह गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा वाँटेज येथे झालेला करुण अंत या ताणाची भयावह बाजू दाखवितो. परक्या घरात दयेचाही धाक वाटू शकतो, हे त्या प्रसंगातून कळते.

सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. खाण्यापिण्याचे नियम, मुलीचे धार्मिक शिक्षण, चर्चचा अधिकार आणि व्यक्तीची विवेकबुद्धी यांवरून त्यात झगडा चाललेला दिसतो. मांसाहार न करण्याची, आपल्या पूर्वजांच्या चालीरीती शक्य तेवढ्या पाळण्याची रमाबाईंची जिद्द यजमानांना अहंकार वाटते. रमाबाईंना यजमानांची ममता बंधन वाटते. दोघींचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच ही पत्रे वाचनीय आहेत.

१८८३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या ‘इंग्लंडचा प्रवास’ या मराठी लेखनात हा झगडा नाही; तो तेव्हा पुरता सुरूही झाला नव्हता. पण पुढे त्यांनी इंग्लंडविषयी मराठी वाचकासाठी जे लिहिले असते ते लिहिलेच नाही, ही गोष्ट सूचक आहे. त्यांचे मोठे प्रवासलेखन झाले ते अमेरिकेविषयी. १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्या तिकडे गेल्या, गावोगावी व्याख्याने देत हिंडल्या, आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकन स्त्रियांच्या संघटनांविषयी, शिक्षणाविषयी, घरगुती जीवनाविषयी मनःपूर्वक आदर आहे. त्याच ग्रंथात गुलामगिरीचा, वर्णद्वेषाचा आणि मूळ रहिवाशांवरील अन्यायाचा स्पष्ट निषेधही आहे.

येथे प्रश्न असा, की इंग्लंडच्या बाबतीत अडलेली लेखणी अमेरिकेत मोकळी कशी झाली? राजकीय उत्तर उघड आहे : इंग्लंड हा राज्यकर्ता देश होता, अमेरिका नव्हता. पण त्याखेरीज आतिथ्याच्या स्वरूपातही फरक आहे. इंग्लंडमध्ये मुख्यतः एकच घर होते, एकच दार होते आणि त्या दारातून मिळणारी माया अखंड व जाब विचारणारी होती. अमेरिकेत रमाबाई अनेक घरांत उतरल्या; ऋण वाटले गेले. बोस्टनमध्ये १८८७ साली त्यांच्या कार्यासाठी संस्था स्थापन झाली आणि तिच्या मदतीवर १८८९ मध्ये शारदा सदन उभे राहिले. म्हणजे उपकार लहान नव्हता. तथापि त्याची परतफेड एका सार्वजनिक कार्याने होत होती. लेखनाने ती करण्याची सक्ती नव्हती. उतराई होण्याची वाट वेगळी मिळाली, म्हणून ग्रंथाला खरे बोलता आले.

५

आतापर्यंतची सर्व उदाहरणे उच्चवर्णीयांची आहेत हा योगायोग नव्हे. ‘कोणाकडे उतरलात?’ या प्रश्नाच्या पोटात ‘कोणाचे कोण?’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो. रस्त्यावरच्या गावाची ओसरी सर्वांना सारखी खुली नव्हती. कोणाला ओसरी, कोणाला अंगण आणि कोणाला वेशीबाहेरची सावली, हे ठरलेले होते. आतिथ्याचे गुणगान करणारी समीक्षा ही बाजू विसरली तर ती केवळ गतकातर होईल.

या बाजूचा सर्वांत कठोर मजकूर प्रवासवर्णनांच्या यादीत सहसा धरला जात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मपर लेखन १९३० नंतरच्या दशकातील; ते पुस्तिकारूपाने १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय हे समजावे, असा त्याचा प्रकट हेतू आहे, म्हणून ते इंग्रजीत आहे. त्यातील बडोद्याचे प्रकरण म्हणजे यजमान न मिळालेल्या प्रवाशाचे वर्णन आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून आंबेडकर १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी गेले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य असल्याची जाणीव पुसली गेली होती. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच ‘कोठे जावे?’ या प्रश्नाने ती परत आली. पारशी धर्मशाळेत पारशी नावाने ते राहिले. भेद उघड झाल्यावर काठ्या घेतलेला जमाव आला आणि जागा सोडावी लागली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती असे दोन परिचित; दोघांनीही आपापल्या परीने दार बंदच ठेवले. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी सार्वजनिक बागेत काढला.

शीर्षकातील ‘व्हिसा’ या शब्दाचा उपरोध येथे उमगतो. परवाना हवा होता तो परदेशात शिरण्यासाठी नव्हे, स्वदेशातील शहरात एक खोली मिळण्यासाठी. न्यूयॉर्क परके असून राहण्याजोगे, बडोदे आपले असून उतरण्याजोगे नाही. या एका उलटापालटीने मराठी प्रवासलेखनातील ‘परदेश’ ही कल्पनाच संशयास्पद होते. गोडसे भटजींना शेकडो मैलांवरच्या झाशीत जी ओसरी जन्माने मिळाली, ती आंबेडकरांना विद्येनेही मिळाली नाही. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले म्हणजे कळते, की परके शहर नकाशावर ठरत नाही. जेथे कोणाकडे उतरलात याला उत्तर नसते ते परके शहर.

लेखनाच्या दृष्टीनेही येथे काही शिकण्याजोगे आहे. ज्याला कोणीच यजमान लाभला नाही त्याला कोणाचे उतराई व्हावयाचे नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ची भाषा म्हणूनच अलंकारविरहित, जवळजवळ जबानीसारखी आहे. सौजन्याने बोथट झालेला एकही शब्द तीत नाही. पण हा निःसंकोचपणा ज्या किमतीने मिळाला ती किंमत पाहता, त्याला केवळ शैलीचा गुण म्हणणे अन्यायाचे होईल.

६

स्वातंत्र्योत्तर काळात मराठी प्रवासवर्णन बहराला आले. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि गंगाधर गाडगीळ यांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) ही पुस्तके आजही वाचली जातात. त्यांतील गोडवा निर्विवाद आहे. पुलंच्या लेखनात खरा सोबती घरी बसलेला मराठी वाचक असतो. परके शहर त्याला हसतखेळत दाखविले जाते, आणि प्रवासी स्वतःचीही गंमत करून घेतो. परंतु परक्या घराचा उंबरठा हा या परंपरेचा मध्य कधी झाला नाही. मीना प्रभू यांच्या ‘माझं लंडन’ (१९९३) या पुस्तकात तर लेखिका स्वतःच लंडनवासी आहे. तेथे पाहुणी म्हणून येणारी व्यक्ती वाचक आहे. मराठी माणूस परदेशात यजमान झाला, ही या पुस्तकाची महत्त्वाची नोंद आहे. त्यानंतरच्या यात्रा कंपन्यांच्या काळात प्रवासी थव्याने जाऊ लागले, परदेशातही घरचेच जेवण जेवू लागले, आणि पाहिले जाण्याची परीक्षा जवळजवळ संपली.

म्हणून प्रवासवर्णनाच्या समीक्षेला एक जुना, साधा प्रश्न नव्याने विचारता येईल : हा लेखक कोणाकडे उतरला होता? त्या घराने त्याला कसे पाहिले, हे लेखनात उमटले आहे काय? कृतज्ञतेने त्याची लेखणी कोठे थांबली, आणि तरी कोठे पुढे गेली? गोडसे भटजी, आनंदीबाई, रमाबाई आणि आंबेडकर यांच्या लेखनाला या प्रश्नांची उत्तरे आहेत. म्हणूनच, प्रवासवर्णनाच्या रूढ व्याख्येत त्यांपैकी काही बसत नसली तरी, मराठीतील प्रवासाचा गाभा त्यांच्यात आहे.

किकवीवरून जाणारा रस्ता आता रुंद झाला आहे. वाहने तेथे क्षणभरही न थांबता नीरेचा पूल गाठतात. दुतर्फा जेवणाची हॉटेले आहेत, जेथे पैसे मोजले की ऋण उरत नाही आणि कोणी कोणाचे कोण हे विचारतही नाही. ही सोय लहान नाही. जुन्या ओसरीने ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्यासाठी ती मुक्तीच आहे. पण पैशाने उतरलेला मनुष्य उतराई होत नाही, आणि ज्याला उतराई व्हावयाचे नाही त्याला सांगण्यासारखेही थोडेच उरते. जात न विचारता दार उघडणारे घर, आणि मिंधेपणा न पत्करता त्या घराविषयी खरे लिहिणारा पाहुणा, या दोन गोष्टी एकत्र येतील तेव्हाच हा वाङ्मयप्रकार आपल्या पूर्वसूरींच्या पुढे जाईल.